बाजूचा ब्रेक

लाँड्रीच्या मागचं उतारावरचं वळण आलं तेव्हा मास्तरांच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती आणि डावा डोळा त्यांनी आपणहून मिटून घेतला होता. मोतीबिंदू काढून जेमतेम दोन तास झाले होते. वाकायचं नाही, जोरात शिंकायचं नाही, डोक्याला हिसका बसू द्यायचा नाही आणि मुख्य म्हणजे डोळ्यातून पाणी काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आपण शेवटचं कधी रडलो हे बराच वेळ आठवून पाहून मास्तरांनी ते शेवटचं कलम मनातल्या मनात खोडून टाकलं होतं. गाडी ड्रायव्हिंग स्कूलचीच, सतरा वर्षं जुनी, दोन्ही बाजूंना क्लच आणि ब्रेक असलेली. मुलगी चालवत होती. मास्तर बाजूच्या, म्हणजे शिकवणाऱ्याच्या सीटवर होते आणि बायको मागे, औषधांची पिशवी मांडीवर घेऊन. त्या वळणावर लाँड्रीचं साबणाचं पाणी नेहमीच रस्त्यावर आलेलं असतं. आज ते जरा जास्तच आलं असावं, कारण गाडी वळणात शिरली आणि तिचं नाक वळायचं सोडून सरळ बाहेर निघालं. मास्तरांना ते बुडाखाली कळलं, मग पोटात कळलं. पुढचं सगळं एका श्वासात झालं. बाजूच्या ब्रेकवर टेकवलेल्या त्यांच्या पायाखालून पेडल आपणहून पेरभर खाली गेलं, क्षणभर तिथेच थांबलं, गाडीची शेपूट हलकी होऊन अलगद बाहेर झुकली, नाक आत आलं, आणि पेडल वर येऊन पुन्हा त्यांच्या तळव्याला टेकलं. मास्तरांची मान तसूभर हलली नाही. मागून बायको एवढंच म्हणाली, "हं."

मुलीला तर काही झाल्याचा पत्ताही नसावा. ती मघाचंच बोलणं पुढे चालवत होती, की थेंब दिवसातून सहा वेळा घालायचे आहेत आणि आई विसरली तर मी फोन करीन. मास्तर ऐकत होते असं दिसत होतं. खरं तर ते मिटल्या डोळ्यांआड एकेक गोष्ट पुन्हा तपासत होते, परीक्षेला बसलेल्या पोराचा पेपर दुसऱ्यांदा तपासावा तसे, लाल पेन हातात घेऊन. दोन्हीकडची पेडलं एकमेकांना जोडलेली असतात. तिकडे ब्रेक दाबला की इकडचा बुडतो, तिकडे क्लच दाबला की इकडचा क्लच बुडतो. म्हणजे ब्रेक दाबला गेला, हे नक्की. क्लच त्यांच्या दुसऱ्या पायाला लागून होता आणि तो जागचा हलला नव्हता. आता उरला ॲक्सिलरेटर. त्याला इकडे जोड नसते, पण मास्तरांना कान होते. इंजिनाचा आवाज वळणात शिरताना जेवढा होता तेवढाच वळणाबाहेर पडेपर्यंत राहिला होता, मधे एक पट्टीही उतरला नव्हता. म्हणजे उजवा पाय ॲक्सिलरेटरवरच होता. मग ब्रेक कोणी दाबला? माणसाला तिसरा पाय तर नसतो. मुलीने डाव्या पायाने ब्रेक मारला होता, उजव्याने गाडी ओढत ठेवून. आणि असा मारला होता की नुकताच चिरलेला डोळा घेऊन बसलेल्या म्हाताऱ्याला झोपेतून जाग आली नसती. हे या शहरात एकाच माणसाला येत होतं, आणि तो माणूस बाजूच्या सीटवर पट्टी बांधून बसला होता.

येत होतं म्हणजे काय, त्यासाठी त्यांचं नाव झालं होतं. तिशीत ते घाटातल्या शर्यतींना जायचे. गाडी साधी, पुढच्या चाकांवर चालणारी. अशा गाडीचं एक दुखणं असतं. गाडी ओढायची पुढच्याच चाकांनी आणि वळवायचीही पुढच्याच चाकांनी. दोन्ही हातांत पिशव्या असलेल्या माणसाला दाराची कडी काढायला सांगावी तशातली गत. वळणात जोर दिला की नाक ऐकत नाही, बाहेर पळतं. बाकीचे सगळे घाबरून ॲक्सिलरेटर सोडायचे आणि वेग घालवून बसायचे. मास्तर सोडत नसत. उजवा पाय जागेवर ठेवून ते डाव्या पायाने ब्रेकला नुसता हात लावल्यासारखं करायचे. गाडीचं वजन पुढे नाकावर यायचं, शेपूट मोकळी व्हायची, आणि नाक लगामाचा इशारा कळल्यासारखं आत वळायचं. सांगायला चार वाक्यं पुरतात. पण डावा पाय हा जन्माचा क्लचचा पाय. त्याला आयुष्यभर एकच गोष्ट शिकवलेली असते, दाबायचं ते तळापर्यंत. असा पाय ब्रेकवर आला की गाडी नाकावर उभी राहते आणि आतली माणसं काचेवर जातात. त्या अडाणी पायाला मास्तरांनी माणसात आणलं होतं. त्यासाठी त्यांनी वजनकाटा आणला, घरी माणसं ज्यावर उभी राहतात तसला, आणि तो भिंतीला टेकवून उभा केला. रोज संध्याकाळी खुर्चीत बसून, डोळे मिटून, ते डाव्या तळव्याने काटा दाबायचे आणि बायको शेजारी बसून आकडा वाचायची. मुलगी तेव्हा दोन वर्षांची असेल, ती त्या काट्याच्या खोक्यात बसून खेळायची. चार किलो म्हटलं की चारच, नऊ म्हटलं की नऊ. बायको म्हणायची, पाच, सहा, अकरा, जास्त झालं. पुन्हा. आणि बरोबर जमलं की कौतुकाचे शब्द वगैरे काही नाहीत, नुसतं "हं".

मास्तरांचा हात दाराच्या मुठीवर आवळला. मागच्या सीटवर पिशवीचा कागद वाजत होता. बायको औषधांवरच्या तारखा वाचत असावी. तिला आकडे वाचायची सवय होती.

त्या पायाने पाच वर्षं घाटात कोणाला पुढे जाऊ दिलं नाही. एक वकील होता, त्याची गाडी मास्तरांच्या गाडीच्या दुप्पट ताकदीची. शर्यत संपली की तो मास्तरांच्या गाडीखाली आडवा पडून काय बसवलंय ते शोधायचा, काळ्या पँटला माती लावून घ्यायचा आणि काही न सापडता उठायचा. मास्तर बाजूला चहा पीत उभे असायचे. बसवलेलं जे काही होतं ते त्यांच्या डाव्या बुटात होतं. एकदा वकिलाने सरळच विचारलं, मला शिकवाल का? मास्तर म्हणाले होते, हे शिकवून येत नाही. त्यांना तेव्हा ते वाक्य फार आवडलं होतं. आरशासमोरही एकदोनदा म्हणून पाहिलं असेल, खोटं कशाला बोला. पुढे शर्यती सुटल्या, ड्रायव्हिंग स्कूल निघालं, आणि फळ्याच्या वर मास्तरांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात पाटी रंगवली: डावा पाय ब्रेकवर आढळल्यास त्या दिवसाचा तास रद्द. ते योग्यच होतं. भाजी आणायला गाडी शिकणाऱ्या माणसाने असले खेळ करू नयेत. बत्तीस वर्षं ती पाटी तिथेच आहे आणि आता मुलगी रोज सकाळी नव्या पोरांना ती मोठ्याने वाचायला लावते. आज त्या विचाराने मास्तरांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

कारण मुलीनेही विचारलं होतं. एकोणीस वर्षांची होती, परवाना मिळून महिना झाला होता. जेवणाच्या टेबलापाशी उभी राहून म्हणाली, बाबा, मला तुमचा डाव्या पायाचा ब्रेक शिकवा. तिने विचारण्याआधी बराच सराव केला असणार हे आवाजावरून कळत होतं. मास्तरांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि वकिलाला दिलेलं तेच वाक्य तिला दिलं. वर जोड दिली की तुझा पाय क्लचचा आहे. ती ताट उचलून आत गेली. त्यानंतर तिने हा विषय काढला नाही, आणि एवढ्या वर्षांत मास्तरांनी स्वतःला पन्नास वेळा सांगितलं होतं की पोरीच्या काळजीपोटीच आपण नाही म्हणालो. आज डोळे मिटलेले असल्यामुळे असेल, दुसरीकडे बघायची सोयच नव्हती. काळजी होती, पण ती वरवरची. आत काय होतं? तिला जमलं नसतं तर आपल्या नावाला बट्टा लागला असता. आणि जमलं असतं तर? तर ही गोष्ट दोघांना येणारी झाली असती. मास्तरांना आपल्या पोटच्या पोरीचा हेवा वाटला होता, आणि तोही आधीच, तिने काही करून दाखवायच्या आत. ही गोष्ट आपल्याबरोबरच संपणार, असं ते अलीकडे मित्रांत म्हणायचे. म्हणताना चेहरा दुःखी करायचे, पण त्यातही त्यांना एक प्रकारची ऐट वाटायची.

आता संपणार नव्हती, आणि त्यात त्यांचा काही हात नव्हता. गाडी बाजाराच्या रस्त्याला लागली होती. भांड्यांच्या दुकानाचा आवाज गेला, मग बेकरीचा वास आला. मुलगी गिअर बदलत होती, प्रत्येक वेळी बाजूचा क्लच त्यांच्या पावलाला खाली ओढत होता आणि वर सोडत होता. मास्तरांना वाटलं, आपण इतकी वर्षं हिच्या पावलावर पाऊल ठेवून बसलो आणि ते पाऊल आपल्याला ओळखता आलं नाही. त्यांचा पाय बाजूच्या ब्रेकवरून कधी हटला नव्हता. शिकाऊ पोरं असोत, मुलगी असो, ती स्वतः मास्तरीण होऊन अठरा वर्षं झाली तरी तिच्या शेजारी बसले की पाय तिथेच. आज दवाखान्यातून निघताना तिने सीट मागे करून दिली होती, पाय सोडून बसा म्हणाली होती; तरी तो आपणहून सरकत जाऊन पेडलवर बसला. कोणी शिकवलं हिला? त्यांच्या डोळ्यांपुढे, म्हणजे पट्टीमागच्या त्या तांबूस अंधारात, वकील उभा राहिला, पँटची माती झटकत. त्याने शेवटी कुठूनतरी ते मिळवलं असेल आणि मुद्दाम आपल्याच पोरीला दिलं असेल. परवान्यांच्या कचेरीत दोघांना बोलताना त्यांनी एकदा पाहिलं होतं. वकील हसत होता. या विचाराने मास्तरांच्या छातीत असं काही ठसठसलं की त्यांना आठवावं लागलं, आज रक्तदाब वाढवायचा नाही.

पण वकिलाला वळणात वजन कळायचंच नाही. आणि हे असलं बारकाव्याचं काम एका दिवसाचं नव्हे, त्याला महिने लागतात, रोज कोणीतरी शेजारी बसावं लागतं, आकडा वाचावा लागतो. आकडा म्हणताच मास्तरांना तो काटा आठवला. स्कूल निघाल्यावर तो माळ्यावर गेला होता. मग मधेच एकदा, पलंगाखाली गेलेली चप्पल काढताना, तो पलंगाखाली दिसला होता, पुसूनपासून ठेवलेला. त्यांनी बायकोला विचारलं होतं. ती म्हणाली होती, वजन बघते जरा, वाढलंय. मास्तरांनी त्यावरून तिची आठवडाभर थट्टा केली होती, दुसरी पोळी वाढताना काट्याला विचारलंस का म्हणून. ती निमूट ऐकून घ्यायची. कधीची गोष्ट? मुलगी कॉलेजात होती. आणि त्याच सुमाराला बायकोचा चष्मा फुटला होता, कपाटाचं दार लागलं म्हणाली. मुलीच्या कपाळावर टेंगूळ होतं, ती जिन्यात पडली म्हणाली. एकाच दिवशी. मास्तरांनी दोघींना दोन वेगवेगळी व्याख्यानं दिली होती, एकीला कपाटाच्या दारांवर आणि दुसरीला जिन्यावर. चष्मा आणि टेंगूळ. डावा पाय पहिल्यांदा ब्रेकवर गेला की आतली माणसं काचेवर जातात. बावीस वर्षं ते दोन पुरावे त्यांच्या डोक्यात एकमेकांपासून हातभर अंतरावर पडून होते आणि त्यांनी ते कधी जवळ आणून पाहिले नव्हते.

सिग्नलला गाडी थांबली. थांबताना बाजूचा ब्रेक त्यांच्या पायाखाली खाली गेला आणि तसाच राहिला.

"कोणी शिकवलं?" मास्तर म्हणाले.

"काय, बाबा?"

"मघाचं. लाँड्रीमागचं."

स्टिअरिंगवर मुलीची बोटं वाजल्याचं त्यांना ऐकू आलं. "तुम्हाला कळलं?"

"माझा पाय होता ब्रेकवर."

"तो असतोच," मुलगी म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. दिवाणखान्यात घड्याळ असतं म्हणावं तसं ती म्हणाली, आणि ते मास्तरांना तक्रारीपेक्षा जास्त लागलं.

"वकील होता का?" त्यांनी विचारलं. आपला आवाज इतका बारीक निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

मागच्या सीटवर बायको हसली. ती हसली की आधी नाकातून हवा सोडते. "वकिलांना स्वतःला कुठे येत होतं," ती म्हणाली. "मी शिकवलं."

"तुला गाडी चालवता येत नाही."

"नाहीच येत. पण तुमच्या सरावाला शेजारी वजन हवं म्हणून पाच वर्षं घाटात कोण बसलं होतं? बरोबर लागलं की अंगाला कसं लागतं ते मला ठाऊक होतं. ही दाबायची, मी सांगायचे, हे त्यांच्यासारखं नाही. पुन्हा."

मग बाकीचं दोघींनी मिळून सांगितलं, एक वाक्य हिचं, एक तिचं, बरेच दिवस बांधून ठेवलेलं गाठोडं सोडावं तसं. गोदामांच्या मागचं मोकळं पटांगण. गाडी शिकवणीचीच, पण हिच्या आधीची. वेळ दुपारी दोन ते साडेतीन, कारण तेव्हा मास्तर जेवून झोपायचे आणि त्यांच्या झोपेवर घड्याळ लावावं इतकी ती पक्की होती. पहिल्या दिवशी चष्मा आणि टेंगूळ. दुसऱ्या दिवसापासून गाडी बंद आणि काटा सुरू, महिनाभर नुसता काटा. मग पुन्हा पटांगण, जमिनीवर पाणी ओतून. बायको बाजूच्या ब्रेकवर चप्पल काढून पाय ठेवायची, दाबायला नव्हे, नुसतं ऐकायला. असं साडेतीन महिने. एके दिवशी ती म्हणाली, हं, हे त्यांच्यासारखं. आणि दोघी घरी येऊन मास्तरांसाठी चहा ठेवून त्यांना उठवायला गेल्या.

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही म्हणाला होतात, हे शिकवून येत नाही," बायको म्हणाली. "तुमचा शब्द कशाला खोटा पाडायचा?"

मास्तरांनी मुलीला विचारलं, की मग तू शर्यतीला का नाही गेलीस. मुलगी म्हणाली, "शर्यत नकोच होती मला. मला ते यायला हवं होतं, बस." ओल्या रस्त्यावर, कधी वाळूवर, कधी समोर अचानक कुत्रं आलं तर, वर्षातून चार-पाचदा लागतं, ती म्हणाली. आणि शिकाऊ पोरांसमोर कधीच नाही, पाटी आहे ना. सिग्नल सुटला. ब्रेक मास्तरांच्या तळव्याखालून वर आला, क्लच खाली जाऊन सावकाश वर आला, गाडी निघाली आणि मास्तरांना निघाल्याचं फक्त आवाजावरून कळलं. वर्षातून चार-पाचदा, बावीस वर्षं. म्हणजे शंभर वेळा तरी ही गोष्ट या शहराच्या रस्त्यांवर घडून गेली होती, कोणाला दिसली नव्हती, कोणी टाळी वाजवली नव्हती, कोणी गाडीखाली आडवं पडून शोधलं नव्हतं. त्यांना स्वतःला टाळ्यांशिवाय हे करता आलं असतं का? छे. दुसऱ्याच आठवड्यात चौकात जाऊन सांगितलं असतं.

एक प्रश्न तेवढा राहिला होता. तो विचारू नये असं त्यांना वाटत होतं, आणि विचारल्याशिवाय घर आलं तर आज झोप लागणार नाही हेही दिसत होतं. बेकरीच्या पुढचा चढ संपला. घराचा रस्ता आता दोन वळणांवर होता.

"आणि आजचं?" मास्तर समोर तोंड ठेवूनच म्हणाले. "आजचं माझ्यासारखं झालं?"

बायकोने पिशवी मांडीवरून बाजूला ठेवली. पूर्वी काट्यावरचा आकडा दोन रेघांच्या मधे अडकला की ती अशीच थांबायची, अर्ध्या किलोचंही खोटं तिने कधी वाचलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "तुमच्या वेळी माझी मान थोडी तरी हलायची."

मास्तरांना वाटलं होतं की हे ऐकून आत काहीतरी तुटेल, आणि ते त्या तुटण्याची वाट पाहत बसले होते. तसं काही झालं नाही. उलट छाती अशी भरून आली की सीटचा पट्टा तिला अपुरा पडू लागला. पाच वर्षं घाट जिंकताना वाटला नव्हता असला अभिमान त्यांना वाटत होता, आणि तो आपला की हिचा की मागे बसलेल्या त्या बाईचा, हे निवडत बसायची त्यांना गरज वाटेना. वकिलाला हे सांगायला हवं, असंही येऊन गेलं. सवय कुठे जाते. पट्टीखाली उजव्या डोळ्यात काहीतरी कोमट जमा व्हायला लागलं आणि त्यांना डॉक्टरांचं ते खोडून टाकलेलं कलम आठवलं. त्यांनी नाकाने लांब श्वास घेतला. मग त्यांनी पाय उचलला. पेडलवरून सरळ वर घेतला, हवेत क्षणभर कुठे ठेवावा ते न कळून धरून ठेवला, आणि मग सीटखाली, क्लचपासून मागे घेतलेल्या दुसऱ्या पायाशेजारी, घडी घालून ठेवल्यासारखा ठेवला. तिकडच्या ब्रेकवरचं इतक्या वर्षांचं ओझं, पसाभर असेल नसेल, निघून गेलेलं मुलीच्या पायाला कळलं असावं.

"बाबा," ती म्हणाली, "पाय काढलात?"

"आखडला होता," मास्तर म्हणाले.

मुलीने गिअर बदलला आणि गाडी घराच्या रस्त्याला वळवली.